काजव्याविना उजेड

दिल्लीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत वीज गेली की लोक मेणबत्ती शोधतात. सबनीसकाका बर्फ शोधतात. थर्मास घेऊन दारोदार. "वहिनी, बर्फ! लौकर! माझं सर्किट नासेल!" समोरच्या चोप्रा आंटींची पक्की समजूत आहे, की हा माणूस रोज पितो.

सर्किट म्हणजे तारा नव्हेत. काका सरकारी प्रयोगशाळेत जिवाणू फोडतात, आतला कामाचा रस काढतात आणि काचेच्या नळीत त्याच्याकडून हवं ते करवून घेतात. ठरावीक दोन पदार्थ एकत्र आले तरच नळी उजळते. एकटा आला तर ढिम्म. हेच त्यांचं सर्किट; थोडं घरच्या फ्रीजमध्येही असतं.

"पेशी म्हणजे आर. के. पुरमचं जुनं सरकारी क्वार्टर," काका सांगतात. "निम्मी शक्ती डागडुजीतच जाते. बिल्कुल नको! जीव नको, काम हवं!"

मी भडकायचो. "काका, कामगाराचं घर पाडायचं आणि काम तेवढं चालू ठेवायचं, याला आमच्या युनियनच्या पत्रकात शोषण म्हणतात."

"आणि युनियनही नाही, कॉम्रेड!" म्हणत काका टाळीसाठी हात पुढे करायचे.

त्यांचा मुलगा निनाद गुडगावच्या काचेच्या इमारतीत कंत्राटावर लागला, तेव्हा याच माणसाने पेढे वाटले. "पेन्शन नाही, क्वार्टर नाही, नुसतं काम! मॉडर्न!" त्यानंतर निनाद सोसायटीत फारसा दिसलाच नाही.

यंदा गणपतीत काकांनी मंडळाकडून फॅन्सी ड्रेस आणि लावणी यांच्यामधली पाच मिनिटं भांडून मिळवली. काजव्याशिवाय काजव्याचा उजेड दाखवणार होते. निनादही येणार होता; बापाचं काम त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

हॉलमधले दिवे मालवले. काका नळीवर ड्रॉपर धरून उभे. शेवटचा थेंब काही पडेना.

"काका, टाका की!" मी ओरडलो. "का वरून सही यायचीय?"

हशा पिकला. तरी थेंब नाही. मी स्टेजजवळ गेलो.

"अरे, हे एकदाच उजळतं, मग विझत जातं," काका पुटपुटले. "निनादची शिफ्ट आत्ता सुटलीय. गुडगाव बॉर्डरवर ट्रॅफिकमध्ये अडकलाय म्हणाला." दाराकडे बघत म्हणाले, "जेवलाही नसेल रे."

पडद्यामागे घुंगरू खुळखुळत होते. मी माइक हिसकावला. "दिवे लावा! लावणी आधी!"

शिट्ट्या पडल्या, ढोलकी कडाडली. काका केव्हाच गेटवर जाऊन उभे राहिले होते आणि वळून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे वाकून बघत होते.