अब्रप्ट नको

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो गायकवाड सरांमुळे. कामशेतच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. अचानक काही घडलेलं त्यांना खपत नसे. आमच्याकडे यायचे, तर अंगणातूनच हाक देत, "ताई, मी थोड्या वेळात येतोय!"

आई म्हणे, "आवो सर, तुमी दारात उभे. आता आनि कुटून येनार?"

"आलोय हो. पण अब्रप्ट नको."

'अब्रप्ट' हा त्यांचा लाडका शब्द. करकचून ब्रेक दाबणारा जीपवाला अब्रप्ट, न विचारता ताटात पडलेली भाकरी अब्रप्ट. हा शब्द शिकवायला त्यांनी आमचा अख्खा वर्ग लोणावळ्याजवळच्या कड्यावर नेला.

"लॅटिनमध्ये मूळ अर्थ तुटलेलं. हा बघा, डोंगर चालता चालता तुटला, म्हणून कडा अब्रप्ट. मधेच थांबलेली गोष्ट अब्रप्ट. आणि तोडून बोलणारा माणूसही. आपण त्याला तुटक म्हणतो की नाही? लॅटिनवाले काही मावळात आले नव्हते, तरी बघा!"

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, लय पुढं जाऊ नका, तुमीच अब्रप्ट व्हाल!"

सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्यांचं निरोप घेणं म्हणजे तर सोहळाच. "आता मी निघायच्या विचारात आहे," इथून सुरुवात. मग चप्पल, मग चहा, मग पुन्हा चप्पल.

सरांना जवळचं असं कुणी नव्हतं. कॉलेजची सगळी वर्षं मी संध्याकाळी त्यांच्याकडेच अभ्यासाला आणि जेवायला असे. यंदा मला नागपूरला नोकरी लागली. निघताना पाया पडलो आणि म्हणालो, "सर, येतो." निरोपाला तासभर लागणार, हे धरूनच गेलो होतो.

सर म्हणाले, "जा." आणि दार लावून घेतलं.

आमच्याकडे निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. मी पायरीवरच थबकलो. दाराखालच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते. ते आत गेलेच नव्हते.

नागपूरला पोचल्यावर मी त्यांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर,
सा. न.
खोली मिळाली. मालकांकडून दोन कॉट मागून घेतल्या. आईनं इंद्रायणी तांदूळ दिलाय, पण माझा भात गिचका होतो. दिवाळीनंतर महिनाभर तरी राहायला या. दुसऱ्या कॉटवर अजून गादी टाकलेली नाही. तुम्हाला जाड लागते की पातळ, तेवढं कळवा.
आपला,
सुनील"