झकास काका बोलावतात

"फ्रँचायझीचा फायदा कोनता, सांगू?" निकेश दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता सांगूनही टाकायचा. "आपल्याले डोकंच लावा लागत नाई! पाटी कंपनीची, मसाला कंपनीचा, कप कंपनीचे. आपन फक्त गल्ल्यावर बसाचं."

डोकं न लावायची निकेशला मुळातच हौस. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर, जंगल सुरू होतं त्या फाट्यावर 'झकास चहा'ची शाखा उघडली, तेव्हा बायको पुनम एवढंच म्हणाली होती, "हे बुडलं, त् कारखान्यातल्या सायबाच्या पाया पडाले तुमीच जा. मी नाई येत." त्या साहेबाचं फिदीफिदी हसणं निकेशला झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

दुकान लागतं न लागतं तोच कंपनीचं भलंमोठं खोकं आलं. आतून माणसाएवढा फायबरचा म्हातारा निघाला. पांढऱ्या मिशा, लाल फेटा, जोडलेले हात, आणि डोळे असे की कुठंही उभं राहा, बघणार तुमच्याकडेच. हे कंपनीचे 'झकास काका'. कुणी जवळून गेलं की ते आपोआप बोलणार, आणि त्यांना दारातून हलवायचं नाही, अशी करारातच अट. निकेशनं त्यांना दारात उभं केलं आणि हात झटकले.

काका आधी गप्पच होते. मग एका दिवेलागणीला निकेश शटर ओढत असताना मागून आवाज आला, "या पाहुणे, बसा निवांत!"

निकेश वळला. रस्ता पार रिकामा होता. पलीकडे सागाची वाळकी पानं चुरचुर वाजली आणि एकदम थांबली.

"पुनम, कोन आलं वं?"

"कोनीच नाई," पुनम आतून डोकावली. "पन मंग हा कोनाले बलावून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. काका दिवसा मुके आणि अंधारायला लागलं की सुरू! समोर भाजी विकणाऱ्या सुगंधाबाईंनी तर कपाळालाच हात लावला.

"अरे बाबू, दिवा लागल्यावर जंगलाकडं तोंड करून कोनाले 'या' म्हनत असतेत का? जो ऐकते तो येते! आमी त् सांजेले लेकरालेबी हाक नाई मारत, जाऊन हात धरून आनतो."

ही गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ? गिऱ्हाईक आटलं. ऑटोवाले फाट्यावर मान खाली घालून ऑटो पळवू लागले. निकेशनं घाबरून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, काका हलवता येणार नाहीत. ग्राहक घाबरत असतील तर त्यांना कूपन द्या."

आता आली का पंचाईत! शेवटी तोड काढली सुगंधाबाईंनीच. "बलावलं त् पाजा लागते. पावन्याले उपाशी धाडलं, म्हनून तो रोज येऊन राह्यला." त्यांनी काकांच्या कपाळाला शेंदूर फासला आणि पायाशी चहाचा भरलेला कप ठेवायला लावला.

सकाळी पुनमनं दार उघडलं, तर कप रिकामा. नुसता रिकामा नाही, स्वच्छ धुऊन पालथा घातलेला.

"पाहा," पुनम म्हणाली, "गिऱ्हाईक कप उचलत नाई, अन् हा धुऊन देते!"

तेव्हापासून दुकान असं चाललं म्हणता! फाट्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा, एक चहा काकांपुढे ठेवायचा, एक स्वतः प्यायचा. निकेश पुन्हा फायदे सांगू लागला.

आणि एका संध्याकाळी नागपूरहून कंपनीचा तपासनीस कुलदीप मोटारीतून उतरला. काकांच्या कपाळाकडे बघून तो तिथंच किंचाळला, "कंपनीच्या काकांना शेंदूर? करार रद्द! हा पुतळा मी आत्ता घेऊन जाणार."

"सायेब, असं नोका करू हो," निकेशच्या डोळ्यांपुढे कारखान्याचं फाटक उभं राहिलं. "मले त्या सायबाच्या दारात नोका पाठवू."

कुलदीपनं काही ऐकलं नाही. नेण्याआधी आतले सेल काढायला त्यानं काकांच्या पाठीवरचं झाकण उघडलं आणि आत बघतच राहिला.

"सेल कुठं गेले?"

"कंपनीनं टाकले असतीन ना."

"कंपनी सेल देत नाही. मालकानं टाकायचे असतात."

"मी त् कधी टाकलेच नाई," निकेश म्हणाला. "मले वाटलं, फ्रँचायझी हाय, समदं कंपनीच टाकते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उघड्या पाठीचे काका जंगलाकडे बघत होते.

"या पाहुणे, बसा निवांत!"

कुलदीप दुकानात पळाला. त्याची मोटार काकांच्या पलीकडे उभी होती. "मागून... मागून वाट आहे का?"

"हाय ना," बाकावर चहा पीत बसलेल्या सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "जंगलातून."

कुलदीप मुकाट बाकावर बसला. पुनमनं पुढे केलेला चहा त्यानं दोन्ही हातांनी धरून संपवला. मग नळाखाली कप धुतला, पुसला आणि पालथा घातला.

"करार चालू राहील," तो दबक्या आवाजात म्हणाला. "फक्त... तेवढं काकांना सांगता का?"