परत न विचारण्याचे तंत्र

उपग्रहावरून येणाऱ्या संदेशांतल्या चुका दुरुस्त करणे हे माझे शासनमान्य काम आहे. संदेशाबरोबर थोडी जादा माहिती पाठवायची. वाटेत काही अक्षरे गळालीच, तर ऐकणाऱ्याने ती त्या माहितीवरून स्वतःच भरून काढायची. पाठवणाऱ्याला परत विचारायचे नाही. विचारणे म्हणजे आमच्या विभागाची नामुष्की.

विधुर सासरे दूरच्या एका बेटावर राहतात. बायको त्यांच्याकडे गेली होती. तिथला फोन आमच्याच उपग्रहावरून चालतो. ऑफिसात असताना तिचा फोन आला. "बाबां... शेजारणी... लग्न... रविवारी... ये." आणि लाइन तुटली.

"परत लावा ना, सर," शेजारच्या टेबलावरची कनिष्ठ अभियंता म्हणाली. "फारच गळालं की यंत्रसुद्धा चुकीचा संदेश बरोबर म्हणून हातात ठेवतं."

"माझ्याच उपग्रहावर मीच 'काय म्हणालीस' असं विचारू?"

मी शास्त्रशुद्ध दुरुस्ती केली: बाबांचे शेजारणीशी लग्न, रविवारी. मेहुण्याला कळवले. त्याने मावशीला कळवले. मावशीने मला कळवले, तेव्हा तर बातमीवर शिक्कामोर्तबच झाले.

रविवारी आम्ही तिघे नवे कपडे घालून, पुष्पगुच्छ घेऊन बेटावर उतरलो. सासरे बनियनवर झाडांना पाणी घालत होते.

"माझं कसलं लग्न? शेजारणीच्या भाचीचं आहे!"

बायकोने कपाळावर हात मारला; पण हावभाव हा संदेश म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

"बाबा, तीन ठिकाणांहून एकच संदेश आलाय," मी समजावले. "तुम्ही एकटेच वेगळं सांगताय. नियमाने चूक तुमच्यात धरावी लागेल."

कुंपणापलीकडे शेजारीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, उभ्या होत्या. सासरे ओशाळून म्हणाले, "बाई, माफ करा हं. जावयाने गोंधळ घातलाय."

"गोंधळ कसला?" बाई म्हणाल्या. "मी अजून नाही कुठे म्हटलंय?"

सासऱ्यांच्या हातातली झारी तशीच राहिली. पाणी चपलांवर सांडत होते, त्यांना पत्ता नव्हता.

पुढच्या महिन्यात दोघांचे लग्न झाले. मी अहवालात 'चुका : शून्य' असे लिहिले आणि मला बढती मिळाली. बायको अजून रागावलेली आहे, असे मेहुणा म्हणतो. तिला मी विचारलेले नाही.

तुम्ही हसताय. हसा. फक्त, आज सकाळी तीन ग्रुपांवर आला म्हणून जो निरोप तुम्ही चौथ्यावर ढकललात, तो कुणाला विचारून?