लाभ, दोन, तीन

आमच्या घाटकोपरच्या चाळीतले तात्या सावंत मोजताना 'एक' म्हणत नसत. पायरी असो, पापड असो नाहीतर माणूस, पहिल्याला ते 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. कोकणात खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, हे मलाही माहीत होतं. पण चाळीच्या जिन्यात कसलं आलंय खळं?

तात्या गिरणीतून रिटायर झालेले. टोकाच्या खोलीत एकटेच राहायचे आणि दिवसभर दिसेल ते मोजायचे. एकदा मी गॅलरीत पापड वाळत घातले होते. संध्याकाळी तात्यांनी गंभीरपणे कळवलं की छत्तिसातले दोन आमच्या ह्यांनी ओलेच खाल्ले. मला राग आला तो ह्यांचा नाही, तात्यांचा.

अशा माणसाकडे मी पोटच्या पोरीला गणित शिकायला पाठवलं, कारण दुसरा इलाज नव्हता. आमची बेबी पहिलीत. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची, पण चार चमचे आण म्हटलं की मूठभर घेऊन यायची. मी शिकवायला बसले की पाचव्या मिनिटाला धपाटा आणि सहाव्या मिनिटाला दोघींची रडारड.

तात्यांनी तिची पाटी बाजूला ठेवली आणि चिंचोके काढले. एका मुठीत चार, दुसऱ्या मुठीत तीन. मुठी तिच्याच, पण उघडायच्या नाहीत, मनात बघून सांगायचं. ती गडबडली की म्हणायचे, "घाई कित्याक? ते खंय पळतत?" महिनाभरात बेबी स्वयंपाकघरात येऊन मला सांगायला लागली, आई, आपण पाच, मामा आला तर सहा, पाट एक कमी पडतो. मी म्हटलं, सुटले गं बाई.

आणि शाळेतून चिठ्ठी आली. बाईंनी खडू दाखवून किती विचारलं, तर बेबी म्हणाली, लाभ. सगळा वर्ग खो खो हसला. मुलीला पहिला आकडाच येत नाही, वार्षिक परीक्षेपर्यंत सुधारणा झाली नाही तर पुन्हा पहिलीत बसवू, असं बाईंनी लिहिलं होतं.

मी चिठ्ठी घेऊन तरातरा तात्यांकडे गेले आणि नको नको ते बोलले. तुमचं खळं गावाला ठेवा, इथे माझ्या मुलीचं वर्ष जातंय, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खोलीतून 'एक' ऐकू यायला लागलं. आधी जरासे अडायचे, मग म्हणायचे. लहानपणापासूनची सवय ती, अशी सुटते थोडीच? मला वाईट वाटलं. पण परीक्षा तोंडावर होती, मी बेबीला त्यांच्याकडे पाठवत राहिले.

बेबी पास झाली. गणितात तर झकास मार्क पडले. मी वाटीभर शिरा घेऊन तात्यांकडे गेले, तर हे मांडीवर पाटी घेऊन बसलेले, शेजारी कुणाचं तरी दुसरीचं जुनं पुस्तक. पाटीवर सत्तावीस आणि पंधराची बेरीज मांडली होती आणि खाली उत्तर लिहिलं होतं, तीनशे बारा. समोर चिंचोक्यांचा ढीग.

"चिंचोके बेचाळीस म्हणतत, पाटी तीनशे बारा म्हणता," तात्या म्हणाले. "ह्यो हातचो काय तो माका येणा नाय."

मला हसू फुटलं. म्हटलं, तात्या, परीक्षा झाली, आता तुम्हाला कशाला हवाय हातचा?

ते पाटी पुसत म्हणाले की दुसरीत हातच्याशिवाय चालत नाही. त्यांची तिन्ही मुलं गावाला वाढली. हे वर्षातून एकदा जायचे, तेव्हा मुलं सगळं शिकून तयार असायची, ओळीत उभी राहून म्हणून दाखवायची. बोटं मोजताना, चुकताना त्यांनी त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. ते त्यांना बेबीजवळ बसून पाहायला मिळालं होतं.

आपण काय काय बोललो होतो ते आठवून लाज वाटली. तात्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली.

"बाय, तू माका शिकवशीत?" ते म्हणाले. "मगे बेबी येतली मां?"

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली, त्यांच्यासमोर मांडी घातली आणि पाटीवर सत्तावीस पुन्हा लिहिलं.