नकाशाबरहुकूम घर

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव असलेल्या सूर्यकांत देवस्थळींनी निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना आयुष्यातलं पहिलं घर विकत घ्यायचं ठरवलं. तोवर घर ही सरकारकडून वेळोवेळी मिळणारी गोष्ट होती. बढती झाली की क्वार्टर बदलायचं. नव्या क्वार्टरच्या भिंतींना जुन्याचाच फिकट पिवळा रंग असायचा. निवृत्तीनंतर सरकार घर परत मागतं हा नियम त्यांना पाठ होता. तो आपल्यालाही लागू होईल, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांची मुलगी वीणा गुरुग्रामला एका उंच टॉवरमध्ये भाड्याने राहायची. तिच्या मते जुनं घर घेणं म्हणजे स्वतःहून आजारपण घेणं. आईबाबांना नव्या इमारतींची सवय व्हावी म्हणून तिने त्यांना चार दिवस राहायला बोलावलं. दुसऱ्याच दिवशी अहिल्याबाई कोथिंबीर आणायला खाली उतरल्या आणि त्यांना वर जाता येईना. वर जाण्यासाठी वीणाने फोनवर मंजुरी द्यायची होती, आणि वीणा मीटिंगमध्ये होती. अहिल्याबाईंनी कोथिंबिरीची जुडी हातात धरून लॉबीतल्या पांढऱ्या सोफ्यावर दुपार काढली. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की घर जुनं चालेल, लहान चालेल, पण त्यात शिरायला कुणाची परवानगी लागता कामा नये.

अशा घराच्या शोधात ते राजधानीतच, यमुनेपलीकडच्या मयूर विहारला पोहोचले. गुलाटी नावाच्या दलालाने त्यांना चार मजली जुन्या ब्लॉकमधला पहिल्या मजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट दाखवला. दाखवताना तो सारखा माफी मागत होता.

"सरजी, बुरा मत मानना, इसमें अभी कुछ हुआ नहीं है," तो म्हणाला.

घरात एक हॉल होता, एक बेडरूम, एक स्वयंपाकघर आणि एक छोटी बाल्कनी. मंजूर नकाशात जेवढं होतं तेवढंच. मालक विश्वनाथ सबनीस लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढचं. ते आता मुलाकडे नाशिकला निघाले होते. घर ताब्यात आलं त्या दिवसापासून त्यांनी त्यात एक वीटही वाढवली नव्हती. ब्लॉकमधले बाकीचे सगळे फ्लॅट मागच्या अंगाने वाढून दोन-तीन बेडरूमचे झाले होते. सबनीसांच्या खाली नवी खोली होती, वरही नवी खोली होती. वरची खोली लोखंडी खांबांवर उभी होती. मध्ये, सबनीसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, खोलीएवढी हवा होती. त्या हवेतून पलीकडचं जांभळाचं झाड दिसायचं.

अहिल्याबाई त्या खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि घर पसंत पडल्याचं त्याला कळलं.

सूर्यकांतनाही आनंद झाला. नियमात बसणारी वस्तू नियमात बसणाऱ्या माणसाला मिळते आहे, यात त्यांना काही दैवी संकेतही दिसला. तो पुढे बँकेच्या मूल्यांकन अधिकाऱ्याने पुसून टाकला.

पीएफमधून बरीचशी रक्कम येणार होती. उरलेल्यासाठी वीणाच्या नावावर थोडं कर्ज काढायचं होतं. बँकेने पाठवलेला तरुण टॅबलेट घेऊन आला. मापं नकाशाशी तंतोतंत जुळताहेत म्हटल्यावर त्याने ती पुन्हा घेतली. मग तो अस्वस्थ झाला. मंजूर नकाशापासून घरात किती फरक पडला आहे, हे भरल्याशिवाय बँकेचं सॉफ्टवेअर पुढे जात नव्हतं, आणि त्या रकान्यात शून्य चालत नव्हतं. नकाशासारखं घर येईल हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या मनातच आलं नसावं. त्याने आशेने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं. माळा ठोकून पाहिला. शेवटी बाल्कनीत कपडे वाळत घालण्यासाठी मारलेले हुक त्याने 'संरचनात्मक बदल' म्हणून नोंदवले, आणि कर्ज मार्गी लागलं.

पुढचा टप्पा सोसायटीचा होता. सोसायटीचे अध्यक्ष मदान साहेब नेमके वरच्याच मजल्यावर राहायचे. त्यांनी देवस्थळी दांपत्याला चहाला बोलावलं, ढोकळा मागवला आणि खांबांवरच्या त्या खोलीतच बसवलं. तिथे मदान पती-पत्नी झोपत असत. मदानांनी सांगितलं की बरीच वर्षं झाली, सगळ्या ब्लॉकने एकदिलाने मागे वाढायचं ठरवलं तेव्हा एकट्या सबनीसांनी नकार दिला. तेव्हापासून मिसेस मदानना नीट झोप लागत नाही. आपल्या पलंगाखाली फरशी आहे आणि फरशीखाली काहीच नाही, हा विचार त्यांना कूस बदलू देत नाही. सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र आनंदाने मिळेल. नव्या मालकाने सहा महिन्यांत खालची खोली बांधण्याचा शब्द तेवढा द्यावा.

सूर्यकांतनी विचारलं, या बांधकामांना परवानगी आहे का?

मदानांना प्रश्नाचं वाईट वाटलं. "देवस्थली जी, परमिशन होती तो आपस में प्यार की क्या ज़रूरत थी? यहाँ सबकी सहमति है."

घरी परतताना मेट्रोने यमुना ओलांडल्यावर अहिल्याबाई म्हणाल्या की खिडकीबाहेर खोली येणार असेल तर त्यांना ते घर नको. सूर्यकांत म्हणाले, बेकायदा काही करायचा प्रश्नच नाही. मी रीतसर चौकशी करतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला रीतसर चौकशीवर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावरही नसतो.

ते संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने त्यांना बसायला खुर्ची दिली, कारण त्यांनी आपला हुद्दा आधीच सांगितला होता. बाबूने समजावलं की मागे खोली वाढवायला परवानगी मिळते. मात्र वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी एकत्र अर्ज करायला हवा, आणि बांधकाम सुरू झालेलं नसावं. सूर्यकांत म्हणाले, बाकीच्यांचं तर केव्हाच पूर्ण झालं आहे. मग ते अर्ज करू शकत नाहीत, बाबू म्हणाला. आणि ते करू शकत नाहीत म्हणून तुम्हीही करू शकत नाही. त्यांच्यासाठी नियमितीकरणाची योजना आहे. शुल्क भरलं की झालं.

"आणि माझ्यासाठी?" हा प्रश्न सूर्यकांतनी हिंदीत, शक्य तितक्या कार्यालयीन स्वरात विचारला.

"जो बना हुआ है उसे हम रेगुलर कर देंगे," बाबू म्हणाला. "जो बना ही नहीं, उसे रेगुलर कैसे करें? आप पहले बनाइए तो सही."

सूर्यकांतना या तर्कात खोट सापडेना. उलट आपल्या हाताखालच्या कुणी असा निर्दोष मसुदा लिहिला असता तर आपण त्याची बढतीसाठी शिफारस केली असती, असं त्यांना वाटून गेलं.

अहिल्याबाईंना या शोधाचं कौतुक नव्हतं. त्या एकट्याच सबनीसांकडे गेल्या. इतक्या वर्षांत सगळा ब्लॉक एका बाजूला आणि हा माणूस दुसऱ्या बाजूला; हे त्यांनी कसं निभावलं, ते त्यांना ऐकायचं होतं. आपल्यालाही तेच करायचं आहे, असं त्यांच्या मनात होतं. म्हाताऱ्याने सामान बांधता बांधता त्यांना बसवून घेतलं.

"अहो, मला बांधायची होती," सबनीस म्हणाले. "गवंडीसुद्धा ठरवला होता. पण आमच्या हिने, सुमित्राने, हट्ट धरला, झाड दिसायला पाहिजे. ती होती तोवर तिचं ऐकलं."

"आणि त्या गेल्यावर?"

"तोपर्यंत लोक मला प्रामाणिक म्हणायला लागले होते. बोलणं टाकलं होतं, पण मानायचे. पोरांना माझं उदाहरण द्यायचे. मग कुठल्या तोंडाने खोली बांधायची?" त्यांनी एका खोक्याची दोरी आवळली. "गुडघे दुखायला लागल्यावर रात्री फार वाटायचं हो, एक जास्तीची खोली हवी होती. मुलगा आला की हॉटेलात उतरायचा."

अहिल्याबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, घर घेऊन टाका. खोलीचं नंतर बघू.

घर घेतलं. मदानांना सूर्यकांतनी तोंडी शब्द दिला. तोंडी दिलेला शब्द रेकॉर्डवर नसतो, या तत्त्वावर त्यांची अख्खी नोकरी झाली होती. निवृत्तीचा शाल-नारळ घेऊन ते मयूर विहारला आले. पहिल्या महिन्यात अहिल्याबाई रोज खिडकीशी उभ्या राहून चहा प्यायल्या.

मग मदान एका गवंड्याला घेऊन आले. खोलीचा विषयही निघाला नाही. वरच्या खांबांना गंज धरला आहे, एवढंच त्यांनी दाखवलं. ते खरंही होतं. माणुसकी म्हणून एका बाजूने आधाराची भिंत घालू द्यावी, अशी त्यांची विनंती होती. शेजारी डोक्यावर येऊन पडेपर्यंत तत्त्व पाळणं सूर्यकांतना योग्य वाटेना. भिंत झाली. भिंतीच्या आडोशाला कबुतरं आली, आणि त्यांची घाण स्वयंपाकघरात येऊ लागली, म्हणून समोरून जाळी लावली. जाळीवरून माकडं चढू लागली, म्हणून जाळीच्या जागी वीट आली. तिसरी बाजू तेवढी उघडी राहिली. ती तशीच ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण देणं आहे, असं स्वतः बीट कॉन्स्टेबल सांगून गेला. शेवटी त्या जागेत जायला दार नाही हे गैरसोयीचं दिसू लागलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार झालं.

सूर्यकांतनी खोली बांधली असं कुणी म्हणू शकणार नाही. प्रत्येक काम स्वतंत्र होतं आणि प्रत्येकाला स्वतंत्र कारण होतं.

खोली तयार झाल्यावर बाबूने ती महिन्याभरात नियमित करून दिली. मिसेस मदानना झोप लागू लागली. वीणा राहायला आली, नव्या खोलीत पाय पसरून झोपली आणि सकाळी म्हणाली, यार बाबा, आता कसं घर वाटतंय. अहिल्याबाईंनी तिला चहा दिला आणि आपला कप घेऊन त्या बाल्कनीत गेल्या. तिथून रस्ता दिसायचा.

सूर्यकांतना शेजाऱ्यांचा मान मिळाला, आणि पुढच्या निवडणुकीत सोसायटीचं सचिवपदही. सचिव झाल्यावर त्यांना दिसलं की मागच्या ब्लॉकवाले गच्चीवर चक्क पाचवा मजला चढवत आहेत. त्यांना धक्का बसला. शहरात नियम म्हणून काही उरलं आहे की नाही, असं ते मदानांना म्हणाले, आणि मदानांनी खेदाने मान हलवली. सूर्यकांतनी उत्तम सरकारी भाषेत तक्रारीचा मसुदा केला. त्यावर पहिली सही अहिल्याबाईंनी केली. पेन हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या, एवढंच. मग ब्लॉकमधल्या सगळ्यांनी आपापल्या मागच्या खोलीत बसून सह्या केल्या.

सह्या अजून थोड्या कमी पडताहेत. आपणही करू शकता. कागद येतोच आहे. तुमच्या बाल्कनीला काचा कधी लागल्या आणि पायऱ्यांखालची कोठी नकाशात कुठे आहे, हे कुणी विचारणार नाही. तशी आमच्याकडे पद्धत नाही.