वाणात दिलेला पासवर्ड

घर कितीही लहान असो, त्याला कडी असावी. आणि कडी कितीही मजबूत असो, ती आतून काढणारा माणूस मऊ असावा. या दोन गोष्टींवर आपली संस्कृती उभी आहे. वाय-फायची सुरक्षा मात्र पहिल्या गोष्टीवरच उभी आहे, असे केबलवाल्या आदिनाथचे म्हणणे पडले.

आम्ही लातूरचे. गल्लीचे नाव सांगत नाही (सांगितले तर तुमचाही फोन आपोआप जोडला जायचा).

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण काय लुटावे, हा गंभीर प्रश्न आहे. गेल्या दहा वर्षांत आमच्या गल्लीत प्लास्टिकचे डबे तीनशेच्या वर वाटले गेले, गाळण्या एकशे नव्वद. साबणाच्या डब्या मोजल्या नाहीत. एका घराला जास्तीत जास्त दोन गाळण्या लागतात. म्हणून यंदा मी एक्केचाळीस सुवासिनींना तिळगुळाबरोबर आमच्या वाय-फायचा पासवर्ड वाण म्हणून दिला. जाड कागदाची चिठ्ठी, चारही कोपऱ्यांना हळदी-कुंकू. शेजारच्या केवळाबाई म्हणाल्या, "अक्का, लई डोकं लावलंत बगा. गाळणी काय, तुटती. हे न्हाई तुटत."

ते तुटले. पण आमच्याच घरात.

माझी सून मंजुषा माहेरची अर्धापूरची. लग्नाआधी ती नांदेडला बँकेत नोकरीला होती. आम्ही हुंडा घेतला नाही. फक्त नोकरी सोडायला लावली. (दोन्ही गोष्टी पत्रिकेत छापल्या नव्हत्या.) पुढे, करायचीच असेल तर घरबसल्या कर, अशी परवानगीही मोठ्या मनाने दिली. दोन वर्षे तिने अर्ज केले. शेवटी हैदराबादच्या एका कंपनीने तिची मुलाखत नेटवर ठेवली. ती सुरू झाली आणि मंजुषाचे तोंड उघडे असतानाच चित्र थांबले. समोरच्या तीन साहेबांनी ते उघडे तोंड अकरा मिनिटे पाहिले. मग निरोप आला: येत्या सोमवारी सकाळी अकराला आणखी एकदा. परत तुटले तर नाव कमी.

मोबाइलचे नेट वापरावे, तर आमच्या घरात रेंज फक्त देवघराच्या खिडकीत येते, तीही एक दांडी. म्हणून आदिनाथला बोलावले. त्याने राउटरचे पान उघडले आणि यादी वरून खाली दोनदा मोजली.

"मावशी, हे घर हाय का बसस्टँड? त्रेसष्ट यंत्रं जोडलेली हायेत."

मोबाइल पन्नास, टीव्ही आठ, टॅब तीन, पिठाच्या गिरणीवरचा एक कॅमेरा आणि एक फ्रिज. सरासरी एका सुवासिनीमागे दीड यंत्र पडते. फ्रिजला नेट कशाला लागते, असे मी विचारले.

"फुकट हाय म्हणून," आदिनाथ म्हणाला.

त्याने क्रमाने तीन उपाय सुचवले. त्यांची अंमलबजावणी पुढीलप्रमाणे झाली.

पहिला उपाय, पासवर्ड बदलणे. पण दिलेले वाण परत घेता येत नाही. माझे रोजचे लिंगपूजेचे व्रत आहे, सोमवारचा उपास आहे. असा दोष डोक्यावर घेऊन पूजेला कसे बसायचे? मठात जाऊन स्वामींना विचारले. ते म्हणाले, "परत घेणं दोषच हाय. पण दोषाला परिहार असतो." परिहार असा, की नवा पासवर्ड पुन्हा वाण म्हणून त्याच एक्केचाळीस जणींना द्यावा. शास्त्राप्रमाणे दिला. आदिनाथच्या नोंदीनुसार आमचे वाय-फाय त्या दिवशी एकूण पावणेदोन तास सुरक्षित होते.

दुसरा उपाय, नेटवर्कचे नाव लपवणे. नाव लपवले. दुपारपर्यंत नऊ जणी चौकशीला आल्या. केवळाबाई तर डोळ्याला पदर लावूनच आल्या. "अक्का, सकाळपासून तुमचं नाव दिसंना. घरात काही बरं-वाईट तर न्हाई ना झालं?" इतक्या मायेच्या माणसाला दारात कसे सांगायचे, की बाई, तुझ्यापासूनच लपवले आहे? मी चहा टाकला आणि नऊही फोनांत नाव माझ्या हाताने टाइप करून दिले. (एकीचा चष्मा घरी राहिला होता.)

तिसरा उपाय जालीम होता. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच आलेला स्वतःचा एक नंबर असतो म्हणे. यादीत ज्याचा नंबर, त्यालाच आत घ्यायचे. यादी करायला मी आणि आमचे मालक गुरुपादप्पा बसलो. ते डाळमिलमध्ये तीस वर्षे आहेत, निवडण-पाखडण त्यांना कळते.

"केवळाबाईचं नाव काढू का?" मी विचारले.

"काढ की. मग विरजण कुणाकडून आणतेस?"

"गिरणीचा कॅमेरा?"

"दळण कुठं न्यायचं, रेणापूरला?"

दोन तासांच्या छाननीनंतर एकमताने फ्रिज काढला. दुसऱ्या दिवशी कळले, की फ्रिज केवळाबाईंच्या जावयाचा आहे. जावई जेवायला बसला नाही. फ्रिजला सन्मानाने परत घेतले.

मंजुषा हे सगळे पाहत होती. ती बोलणारी नाही. फक्त म्हणाली, "आई, फ्रिजसाठी एवढं केलंत तुम्ही. जावयाचा हाय म्हणून बरं झालं. सुनेचा असता तर?"

मी जपमाळ घेतली. काही प्रश्नांना तेच उत्तर असते.

शेवटी मी घरोघर फिरून हात जोडले, की सोमवारी साडेदहा ते बारा कोणीही आमचे नेट वापरू नये. एकही बाई नाही म्हणाली नाही. "हाव अक्का, लेकराच्या नोकरीचं हाय, एवढं करणार न्हाई का?" आणि केवळ तोंडी आश्वासनावर न थांबता पावणेअकराला अडतीस जणी मंजुषाला आशीर्वाद द्यायला प्रत्यक्ष घरी आल्या. कोणी दही-साखर आणली, कोणी मठातला अंगारा. फोन सगळ्यांच्या पिशवीत. फोन वापरायचा नव्हता, म्हणून कोणी वापरला नाही. पण फोनांना आमचे घर ओळखीचे. ते आपापले जोडले गेले आणि रविवारी गल्लीत झालेल्या एका लग्नाचे फोटो उतरवून घेऊ लागले.

अकरा वाजून चार मिनिटांनी चित्र थांबले. सरावामुळे या वेळी मंजुषाचे तोंड मिटलेले होते.

तिने कोणाकडे पाहिले नाही. लॅपटॉप छातीशी धरला आणि अनवाणी मागच्या दाराने निघाली. मी तिच्यामागे.

आमच्या भिंतीला भिंत लागून साखराबाईंचे घर आहे. त्या शिवणकाम करतात; हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांच्या अंगातले बहुतेक ब्लाउज त्यांच्या हातचे. मालक वारले त्याला सहा वर्षे झाली. त्या हळदी-कुंकवाला नसतात. (का नसतात, हे विचारायची पद्धत नाही.) आमच्या धर्मात असा भेद नाही. आमच्या गल्लीत आहे.

"काकू, नेट हाय का?" मंजुषा दारातूनच म्हणाली.

"हाय की. ये, बस. ते कापड सरकव तिकडं."

"पासवर्ड?"

"एकचा आकडा आठ वेळा दाब. इथं कोण येतंय मागायला, म्हणून सोपाच ठेवला."

लगेच जोडले गेले. मंजुषाने साहेबांची माफी मागितली. साहेब म्हणाले, बोला. पन्नास मिनिटे ती बोलत होती. चित्र एकदाही हलले नाही. साखराबाईंनी मशीन थांबवून चाकावर हात धरून ठेवला होता, आवाज नको म्हणून. मी उंबऱ्याशी उभी होते. त्यांनी मला डोळ्यांनी बसायला सांगितले. सहा वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदाच बसले.

नोकरी लागली. पुढच्या महिन्यापासून सुरू.

आदिनाथला हे कळले तेव्हा त्याचा विश्वास बसेना. तो साखराबाईंकडे जाऊन सगळी तपासणी करून आला. "मावशी, पासवर्ड कच्चा, नाव उघडं, यादी-बिदी काहीच न्हाई. तरी आजवर दुसरा एक फोन आत गेलेला न्हाई. एवढी कडक सिक्युरिटी आम्हाला पण जमत न्हाई. कुणी बसवून दिली?"

मी म्हटले, आम्हीच बसवली, सगळ्यांनी मिळून.

तुमच्याही गल्लीत असे एखादे सुरक्षित घर असेलच. तिथला पासवर्ड तुम्हाला माहीत नसेल, तर तुमचेही काम चोख झाले आहे, असे समजावे.