मंत्र्यांच्या पोस्टरखालची नोटीस

नोटीस कशी लावावी, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या! पंख्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं कारकुनी केली, शेकडो नोटिसा लावल्या. एकही कुणी वाचली नाही!

म्हणूनच मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चाळीस माणसं कमी करायची होती. कायदा म्हणतो, साठ दिवस आधी फलकावर नोटीस लावा. मतदान होतं पंचेचाळीस दिवसांवर, आणि फोनवर होते मंत्र्यांचे साहाय्यक.

"मतदान होईपर्यंत नोटीस दिसता कामा नये!"

"अहो, कायदा मोडतो ना!" मालक काकुळतीला आले.

"कायदा मोडा असं कुठे म्हणतोय आम्ही? पाळू नका, एवढंच! आणि तुमच्या नव्या शेडची फाइल साहेबांच्याच टेबलावर आहे, बरं का."

मालकांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "माझ्यावर सोडा. नोटीस लागेल, पण दिसणार नाही!"

फलकावर नोटीस लावली, तारखेसकट फोटो काढला. कायदा खूश! वरून मंत्र्यांचं हसरं पोस्टर टांगलं, 'प्रत्येक हाताला काम!' मंत्री खूश!

लावताना नोटिशीतल्या यादीचं कामगारांचं पान तेवढं वाचलं. सोळावं नाव माझ्या मेहुण्याचं. ऑफिसचं पान मात्र वाचलं नाही. ऑफिसातल्यांना कोण काढतंय!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुणा घरी आला.

"दाजी, पलीकडच्या कारखान्यात जागा निघाल्यात. एक मशीनवर, एक कारकुनाची. शनिवारपर्यंत सांगायचंय. आपल्याकडचं काही कळलंय का तुम्हाला?"

बायकोही माझ्याकडे बघत होती. पण मालकांना शब्द दिला होता ना!

"छे रे! सगळं मजेत आहे."

मेहुणा "बरं," म्हणाला आणि शनिवारी नोकरी सोडून गेला. मला हायसं वाटलं, तरी चारचौघांत मी त्याला मूर्ख म्हटलं.

त्या महिन्यात एकेक करून चौदाजण सोडून गेले. पोस्टरचा खालचा कोपरा मात्र तेलकट बोटांनी काळाकुट्ट झाला होता. मला वाटलं, मंत्र्यांवर काय प्रेम आहे लोकांचं! जाता-येता हात लावतात!

मतदानाला आठ दिवस उरले आणि मंत्री स्वतःच कारखान्यात आले. कॅमेरे लागले. पोस्टरकडे बघून ते म्हणाले, "अरे, केवढं मळलंय! नवीन लावू या, माझ्याच हाताने!" मी "नको नको" म्हणत धावलो, पण त्यांनी तोवर ओढलंही होतं!

खाली नोटीस. कॅमेरे आणखी जवळ आले. मंत्र्यांचं हसू तोंडातच राहिलं. मालक खुर्चीत बसले. मी कामगारांकडे पाहिलं, आता दगड येणार! पण कुणी हललंही नाही. एकजण जांभई देत म्हणाला, "हे होय! आम्ही पहिल्याच दिवशी पोस्टर उचलून वाचलं की!"

मी घाबरत ऑफिसचं पान पाहिलं. त्यात एकच नाव होतं. माझं!

"साहेब, मला सांगितलं का नाहीत?"

"नोटीस तुम्हीच लावलीत ना?" मालक म्हणाले. "कायदा पूर्ण पाळलाय आपण."

धावतपळत मेहुण्याचं घर गाठलं.

"दाजी, यादीत तुमचं नाव वाचलं, म्हणून तर विचारायला आलो होतो. कारकुनाची जागासुद्धा सांगितली. तुम्ही म्हणालात, सगळं मजेत."

"मग आता ती जागा?"

"भरली. त्याच शनिवारी."

तर मंडळी, आमच्या कारखान्यात नोटिसा न वाचणारा माणूस एकच होता. त्या लावायचं काम त्याच्याकडे होतं.